सात किलोपर्यंत

उजळाईवाडीला काट्यावर पिशवी ठेवली.
सहा किलो नऊशे.
काउंटरवरची पोरगी हसली, "काठावर पास, काका."
तिला कुठं सांगू, त्यातलं सहा किलो दोनशे
एकाच बिडाच्या तुकड्याचं आहे.
उरलेल्यात चार्जर, दाढीचा ब्रश,
भडंगाची पुडी, मालकांचं पत्र.
कपडे अंगावरच. शर्टावर शर्ट,
मे महिन्यात.

तपासणीच्या पडद्यावर तुकडा
काळाकुट्ट दिसला. पट्टा थांबला.
"ये क्या है?"
व्हॉल्व्हची बॉडी, साहेब. अर्धी कापलेली.
"काटा क्यों?"
आता हे हिंदीत कसं बसवायचं,
की ओतताना आत हवा राहिली
शेंगदाण्याएवढी,
आणि तेवढ्यावरनं हैदराबादच्या पार्टीनं
चारशे नग परत धाडले,
आणि बावीस वर्षं साचा मीच भरतोय.
म्हटलं, "खराब है."
त्यानं पोकळीत बोट घातलं,
बोटाचा वास घेतला,
आणि सोडलं मला.

पासावर नाव मावलं नव्हतं.
मगदूम धनपा.
ल कोल्हापुरातच राहिला.

विमान एवढंसं. शेपटाकडनं चढायचं, वाकून.
एका ओळीत चार खुर्च्या : ए, सी, डी, एफ.
बी आणि ई कुठं गेल्या, विचारायचं राहिलं.
गुडघा पुढच्या खुर्चीला टेकला,
इकडं अर्धा सूत, तिकडं अर्धा सूत.
पेटीत पॅटर्न असा बसला असता
तर पाठ थोपटून घेतली असती मी.

शेजारी शमशादबाई शिकलगार,
मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या.
विणायच्या सुया काढून घेतल्या म्हणून घुश्शात,
लोकरीचा पिवळा गुंडा तेवढा मांडीवर.
"पायाला गार लागतंय हो. काय आहे पिशवीत?"
लोखंड.
"लोखंड चालतंय, आणि माझ्या सुया नाहीत?"

पंखे फिरले विहिरीवरच्या इंजिनासारखे,
आधी खोकले, मग सूर लागला.
खाली ऊस, पंचगंगेचं वळण,
शिरोलीची शेडं.
आमचं शोधत होतो, निळ्या ताडपत्रीचं.
वरनं बघितलं तर
सगळ्यांवरच निळी ताडपत्री.

चहा दीडशे.
दीडशेत शेडवर अकराजण पितात, बिस्किटासकट.
पुडी फोडली. बाईंनी मूठभर घेतलं,
लसूण बाजूला काढून.

पत्र काढून परत वाचलं.
दोष वाळूचा आहे,
वाळू पुरवणारा आता बदलला आहे,
कळावे.
वाळूचा नव्हता.
साचा भरून झाला की सुई मारायची असते,
ठिकठिकाणी, हवेला वाट.
त्या पाळीला घाई होती,
मी चार सुया कमी मारल्या.
कुणाला कळलं नाही. लोखंडाला कळलं.

खिडकीकडच्या रिवेटांवरनं अंगठा फिरवला.
ओळ सरळ होती.
कुणीतरी वेळेला घाई केली नव्हती,
म्हणून आम्ही सत्तर माणसं
पत्र्याच्या आत हवा धरून चाललो होतो.

उतरायला लागल्यावर कान बंद झाले.
बाई काहीतरी बोलत होत्या, ओठ दिसत होते नुसते.
भडंगाचा शेवटचा घास चावला,
डावा कान टक्कन मोकळा झाला
आणि ऐकू आलं :
"...पहिलटकरीण आहे, घाबरलीय पोर."

उतरताना पिशवी उचलली.
पत्र पुढच्या खुर्चीच्या खिशात,
उलटीच्या पिशवीमागं राहिलं.
राहिलं म्हणा, ठेवलं म्हणा.
दोन्ही शर्ट भिजले होते.